घरच्या रीफ टाक्यांमधील (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांतील) प्रवाळांची ने-आण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका टाकीतून दुसऱ्या टाकीत नेलेले प्रवाळ नेमके कशामुळे दगावते?

प्रत्यक्ष प्रवासात दगावणारी प्रवाळे थोडी असतात. नव्या टाकीत पोहोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दगावणारी त्याहून कितीतरी जास्त. पिशवीतले तीन-चार तास बहुतेक जाती सोसतात, कारण उथळ पाण्यात वाढणाऱ्या कित्येक प्रवाळांना समुद्रातही ओहोटीच्या वेळी काही काळ उघड्यावर काढावा लागतो. त्यांना सोसत नाही ती दोन टाक्यांमधली तफावत: पाण्याचे रसायन वेगळे, दिवे वेगळे, प्रवाहाचा जोर वेगळा, आणि हे सगळे बदल एकाच दुपारी अंगावर येतात. त्यातच फ्रॅगच्या, म्हणजे वाढवण्यासाठी तोडून घेतलेल्या प्रवाळाच्या तुकड्याच्या, बुडाशी चिकटून आलेली एखादी कीड नव्या टाकीत हातपाय पसरू लागते. त्यामुळे पुढील उत्तरांत पिशवीपेक्षा आधीच्या दोन आठवड्यांचा आणि नंतरच्या दोन महिन्यांचा विचार अधिक केला आहे.

दोन्ही टाक्यांचे कोणते आकडे जुळवून पाहावेत?

तापमान, क्षारता आणि अल्कलिनिटी हे तीन आधी पाहावेत. कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फॉस्फेट त्यानंतर. शालेय भूगोलात आपण ज्याला ‘सागरजलाची क्षारता’ म्हणतो ती क्षारता वेगळी आणि अल्कलिनिटी वेगळी. पहिलीत एकूण मीठ मोजले जाते, तर दुसरीत मुख्यतः कार्बोनेट व बायकार्बोनेट मोजले जाते, ज्यांतून कठीण प्रवाळे आपला सांगाडा बांधतात. मराठीत बोलताना या दोहोंची गल्लत सर्रास होते आणि मग एक जण मिठाचा आकडा सांगतो व दुसरा तो अल्कलिनिटीचा समजून बसतो.

सर्वसाधारण रीफ टाकीत तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस, क्षारता दर हजारी 35, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.026, अल्कलिनिटी 7 ते 11 डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक), कॅल्शियम लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम 1250 ते 1350 मिलिग्रॅम या मर्यादेत ठेवले जाते. दोन्ही टाक्या या मर्यादेत असल्या म्हणून त्या एकसारख्या ठरत नाहीत. एक टाकी 11 डीकेएचवर आणि दुसरी साडेसातवर चालत असेल, तर दोन्ही निरोगी असूनही त्यांच्यामधली उडी अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कठीण प्रवाळाला जड जाऊ शकते.

दोन्हीकडचा आकडा सारखाच आला. मग निश्चिंत राहावे का?

एकाच उपकरणाने मोजला असेल तर बऱ्याच अंशी राहावे; वेगवेगळ्या उपकरणांनी मोजला असेल तर नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात एका मित्राच्या टाकीतून आणलेला मॉन्टीपोरा या कठीण प्रवाळाचा तुकडा दोन दिवसांत पांढरा पडू लागला. त्याचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजणारे उपकरण, 35 दाखवत होता आणि माझाही 35. शेवटी दोन्ही पाणी त्याच्याच उपकरणाच्या काचेवर एकापाठोपाठ ठेवून पाहिले तेव्हा माझे पाणी जवळजवळ 38 निघाले. माझे उपकरण मी कित्येक महिने फक्त शुद्ध पाण्यावर शून्याला लावत होतो. रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्यावा, कारण शून्यापाशी बरोबर असलेले उपकरण 35 पाशी चुकू शकते. त्याहून सोपा उपाय म्हणजे प्रवाळ आणण्याच्या आठवडाभर आधी त्या टाकीतले अर्धा लिटर पाणी बाटलीत आणून दोन्ही पाणी आपल्याच किटने त्याच बैठकीत तपासणे. येथे आकड्याच्या अचूकपणापेक्षा दोन पाण्यांमधला फरक कळणे महत्त्वाचे असते.

फरक आढळला तर तो कोणी आणि कसा भरून काढावा?

जी टाकी बदलणे सोयीचे असेल तिच्यात, आणि हळूहळू. अल्कलिनिटी दिवसाला अर्धा ते एक डीकेएचपेक्षा जास्त हलवू नये, त्यामुळे तीन डीकेएचच्या फरकाला किमान तीन दिवस आणि शक्यतो आठवडा लागतो. वाहती, भरलेली टाकी एका फ्रॅगसाठी बदलणे अर्थातच शहाणपणाचे नाही. अशा वेळी विलगीकरणाची लहान टाकी देणाऱ्याच्या पाण्याशी जुळवून घ्यावी आणि पुढील आठवड्यांत तिला आपल्या मुख्य टाकीच्या आकड्यांवर आणावे. पिशवीत अर्धा तास थेंबथेंब पाणी सोडून अल्कलिनिटीचा फरक भरून निघतो, ही समजूत चुकीची आहे. त्या अर्ध्या तासात पाणी बदलते, प्रवाळाचे शरीर बदलत नाही.

प्रवाळ कधी हलवूच नये?

ऊती मागे हटत असतील, सांगाडा उघडा पडत असेल, नुकताच तुकडा केलेला असून जखम भरली नसेल, किंवा टाकीत अलीकडेच तापमान वा रसायन बिघडले असेल, तर थांबावे. युफिलिया कुळातल्या टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन यांवर तपकिरी, लोंबणारा, दुर्गंधीयुक्त चिकट थर दिसला, तर ते प्रवाळ दुसऱ्याच्या टाकीत मुळीच नेऊ नये. हा रोग झपाट्याने पसरतो. ज्या टाकीत पूर्वी माशांसाठी तांब्याचे औषध वापरले गेले आहे, त्या टाकीत प्रवाळ सोडण्याआधी पाण्यात तांबे उरलेले नाही याची चाचणी करावी. नवा फ्रॅगही किमान दोन आठवडे जुन्या जागीच राहू द्यावा, म्हणजे कापलेल्या कडेवर ऊती चढलेली दिसते.

खडकावरून प्रवाळ कसे सोडवावे?

आधी पंप बंद करावेत. ज्या प्रवाळाची मांसल ऊती पाण्याने फुगलेली असते, ते फुगलेल्या अवस्थेत पाण्याबाहेर उचलू नये: पाण्यात जी ऊती अलगद तरंगत असते तिचे सारे वजन हवेत येताच सांगाड्याच्या धारदार कडेवर पडते आणि ती फाटते. पाण्यातच हाताने हलकी लाट द्यावी, पॉलिप (प्रवाळाचे शुंडिकाधारी लहान जीव) आत ओढले जाईपर्यंत मिनिट-दोन मिनिटे वाट पाहावी, आणि मगच बुडाला धरून उचलावे. मी टॉर्च प्रवाळ एकदा घाईने वर काढले तेव्हा त्याची एक बाजू कागदासारखी उसवली आणि पुढच्या चार दिवसांत तो सबंध फाटा गेला.

फांद्यांच्या प्रवाळाचा फाटा तोडताना ऊती जेथे संपते त्याखालच्या कोऱ्या सांगाड्यावर कटर लावावा. अ‍ॅक्रोपोराची फांदी एका दाबात तुटावी. करकर कापत बसल्यास कडा चिरडते. खडकावर पसरत गेलेल्या जातींना ओरबाडू नये, खाली छिन्नी घालून खडकाची कपची सोबत काढावी. चामडी प्रवाळ आणि मशरूम प्रवाळ धारदार पात्याने कापता येतात, पण ती भरपूर चिकटा सोडतात, म्हणून हे काम टाकीत न करता वेगळ्या भांड्यात करावे.

प्रवाळ पाण्याबाहेर किती वेळ राहू शकते?

बहुतेक जातींना एक-दोन मिनिटांनी काही होत नाही. खडकावर स्पंज असेल तर मात्र तो एक क्षणही हवेत येऊ देऊ नये. त्याच्या आतल्या बारीक वाटांत हवा अडकली की तेवढा भाग आतून मरतो आणि पाणी नासवतो. असे खडक पाण्याखालीच पिशवीत सरकवावेत.

प्रवासासाठी बांधणी कशी करावी?

आदल्या एक-दोन दिवसांत मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांना खाऊ घालू नये, कारण खाल्लेले ते पिशवीत ओकतात आणि थोडे पाणी लगेच खराब होते. प्रत्येक प्रवाळ वेगळ्या पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. विशेषतः चामडी प्रवाळ इतरांसोबत मुळीच बांधू नये, ते पाण्यात सोडत असलेली संयुगे शेजाऱ्याला बाधतात. पाणी जुन्या टाकीतलेच घ्यावे. प्रवाळ पूर्ण बुडेल इतके पाणी आणि उरलेली जागा हवेची असावी. बंद खोक्यातल्या अंधारात प्रवाळातील शैवाल प्राणवायू निर्माण करत नाही, उलट ते आणि प्रवाळ दोघेही तो वापरतात, म्हणून पिशवी काठोकाठ भरणे हा उपकार ठरत नाही.

फ्रॅगची ऊती पिशवीला घासू नये म्हणून एक जुनी युक्ती उपयोगी पडते: थर्मोकोलच्या तुकड्यात फ्रॅग प्लगची (फ्रॅग ज्यावर चिकटवतात त्या लहान बैठकीची) दांडी खोचून तो पाण्यावर सोडावा, म्हणजे प्रवाळ खाली डोके करून लोंबकळत राहते आणि कशालाही टेकत नाही. पिशवी दुहेरी बांधावी, तिचे टोकदार कोपरे आत वळवावेत आणि सगळ्या पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात उभ्या ठेवाव्यात. थंडीत उष्णतेची किंवा उन्हात बर्फाची पुडी ठेवायची झाल्यास ती कागदात गुंडाळून खोक्याच्या झाकणाला चिकटवावी, पिशवीला थेट लावू नये. बंद उभ्या गाडीत खोका ठेवून कोठेही थांबू नये.

पोहोचल्यावर थेंबथेंब पाणी सोडून सवय लावणे योग्य आहे का?

याचे उत्तर प्रवास किती लांबचा होता यावर अवलंबून आहे, आणि यावरच सर्वाधिक वाद होतात. बंद पिशवीत प्रवाळ व त्याच्यासोबतचे जीव अमोनिया सोडत असतात. त्याच वेळी त्यांच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच खाली जातो, आणि कमी पीएचला हा अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात राहतो, जे तुलनेने निरुपद्रवी असते. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वरून आपण 8.2 पीएचचे ताजे पाणी सोडू लागतो, आणि आतापर्यंत निपचित पडलेला अमोनिया विषारी होऊ लागतो. पीएच एक अंकाने चढला की विषारी अमोनियाचा वाटा सुमारे दहापट होतो. प्रवाळाला तासभर थेंबथेंब पाणी देत बसणारा माणूस काळजीपोटीच त्याला त्या पाण्यात कोंडून ठेवत असतो.

म्हणून रात्रभर किंवा त्याहून जास्त प्रवास झाला असेल तर बंद पिशवी 15 ते 20 मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून केवळ तापमान जुळवावे, पिशवी उघडल्यावर वेळ न दवडता प्रवाळ बाहेर काढावे आणि क्षारता आधीच जुळवून ठेवलेल्या पाण्यात हलवावे. शेजारच्या गल्लीतून तासाभरात आलेल्या प्रवाळाच्या पिशवीत अमोनिया नगण्य असतो. तेथे क्षारतेत फरक असल्यास अर्धा तास थेंबथेंब पाणी द्यायला हरकत नाही. दोन्ही प्रसंगी पिशवीतले पाणी आपल्या टाकीत ओतायचे नाही.

डिप देणे आवश्यक आहे का, आणि तो कसा द्यावा?

डिप म्हणजे कीड मारण्यासाठी प्रवाळाला औषधाच्या पाण्यात काही वेळ बुडवणे. तो आवश्यक आहे, देणारा कितीही विश्वासू असला तरी. आपल्या टाकीत कीड आहे हे पुष्कळदा त्यालाही माहीत नसते. नव्या टाकीचे पाणी वेगळ्या भांड्यात घेऊन त्यात डिपचे औषध वेष्टनावरील प्रमाणात मिसळावे आणि सांगितलेला वेळ घड्याळ लावून पाळावा. या वेळात रबरी फुग्याच्या पिचकारीने फांद्यांच्या बेचक्यांत आणि बुडाशी जोरात पाणी मारत राहावे. औषधाने गुंगलेले किडे धक्क्यानेच सुटतात. भांडे पांढरे असावे, म्हणजे तळाशी काय पडले ते दिसते. त्यानंतर दोन वेगवेगळ्या भांड्यांत विसळून घ्यावे. आयोडीनचे डिप जखमांसाठी चांगले, पण चपट्या कृमींसाठी त्यावर विसंबू नये.

एक सावधगिरी राहून जाते: अ‍ॅक्रोपोरा आणि पोसिलोपोरा यांच्या फांद्यांत राहणारे टेट्रालिया आणि ट्रापेझिया हे लहान खेकडे यजमानाचे राखणदार असतात. डिप त्यांना मारतो, म्हणून शक्य झाल्यास त्यांना आधी हुसकावून वेगळे ठेवावे.

डिप दिल्यावरही कीड कशी काय येते?

अंड्यांमुळे. उपलब्ध डिप जिवंत किड्यांना मारतात. अंड्यांच्या कवचातून ते आत जात नाहीत. अ‍ॅक्रोपोरा खाणारी चपटी कृमी स्वतः जवळजवळ पारदर्शक असते, यजमानाचाच रंग घेते, आणि तिची सोनेरी-तपकिरी अंडी बुडाजवळच्या उघड्या सांगाड्यावर पुंजक्याने चिकटवलेली असतात. अ‍ॅक्रोपोरावर फिकट गोल डाग दिसले तर ते तिचे चावे समजावेत. मॉन्टीपोरा खाणाऱ्या समुद्री गोगलगाई काही मिलिमीटरच्या, पांढऱ्या आणि झालरीदार असतात. त्यांची अंडी पसरट पानांच्या खालच्या बाजूला असतात, जेथे कोणी पाहत नाही.

भिंगाखाली एक जुना प्लग धरून पाहिला की हा विषय लगेच पटतो: कडेला गुलाबी चुनखडी शैवाल, त्यात वर्मेटिड गोगलगाईची वळलेली नळी, खाचेत मोहरीएवढी एप्टेशिया (टाकीत झपाट्याने पसरणारे उपद्रवी समुद्रफूल), आणि दांडीच्या खळग्यात जिलेटिनसारखा एक ठिपका, जो अंडी असू शकतो किंवा नसूही शकतो. मी अशा ठिपक्यांची शहानिशा करत बसत नाही. जुना प्लग तोडून टाकावा, ऊतीखालचा उघडा सांगाडा शक्य तितका छाटावा आणि फ्रॅग कोऱ्या प्लगवर नव्याने चिकटवावा. डिपच्या महागड्या बाटलीपेक्षा मला या पाच मिनिटांच्या कामावर अधिक भरवसा आहे.

विलगीकरण किती दिवसांचे असावे?

केवळ प्रवाळाच्या किडींचा विचार केला तर सहा आठवडे, आणि त्या काळात दर पाच-सात दिवसांनी पुन्हा डिप व भिंगाने तपासणी. अंड्यांतून निघालेले किडे पुन्हा अंडी घालण्याआधी सापडावेत, हा त्यामागचा हेतू असतो. पाणी थंड असेल तर अंडी फुटायला अधिक दिवस लागतात, तेव्हा मुदत वाढवावी.

मुख्य टाकीत मासे असतील तर आणखी एक हिशेब येतो. माशांवर पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरियन हा परजीवी आयुष्यातील एक टप्पा कठीण पृष्ठभागाला चिकटून, कोशात काढतो. तो पृष्ठभाग फ्रॅग प्लगही असू शकतो. प्रवाळाला त्याचा काहीही त्रास होत नाही, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. काही कोश फुटायला दोन महिन्यांहून अधिक काळ घेतात, म्हणून नव्या प्रवाळांना एकही मासा नसलेल्या टाकीत सुमारे 76 दिवस ठेवण्याची पद्धत शौकिनांमध्ये रूढ आहे. ही मुदत ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, पण साथ एकदा भरलेल्या टाकीत शिरली की सगळे मासे बाहेर काढून तितकेच दिवस थांबावे लागते. विलगीकरणासाठी लहान टाकी, हीटर, प्रवाह देणारा पंप आणि योग्य दिवा पुरतो. जाळी, चिमटे, पिचकारी मात्र तिची स्वतंत्र असावीत.

नव्या टाकीत प्रकाश किती द्यावा?

सुरुवातीला अपेक्षेपेक्षा कमी. प्रवाळाच्या ऊतीत राहणारे झूझँथेली हे सूक्ष्म शैवाल जुन्या दिव्याच्या तीव्रतेला जुळवून घेतलेले असते. एकाएकी जास्त प्रकाश पडला तर प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा भाजून निघते, घातक ऑक्सिजन-संयुगे तयार होतात आणि प्रवाळ शैवालाला बाहेर टाकून पांढरे पडते. कमी प्रकाशाने होणारे नुकसान सावकाश होते: रंग तपकिरी होतो आणि तो पुढे परत येतो. म्हणून चुकायचेच असेल तर अंधाराच्या बाजूने चुकावे.

पार मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश मोजणारे उपकरण) मिळाला तर दोन्ही जागांचे मोजमाप घ्यावे. अ‍ॅक्रोपोरासाठी 200 ते 350 आणि बहुतेक मांसल व मऊ प्रवाळांसाठी 50 ते 150 हा ढोबळ अंदाज आहे, मात्र आधी जुन्या जागेचा आकडा गाठावा, आदर्श आकडा नंतर. मीटर नसेल तर प्रवाळ तळाशी ठेवून दोन-तीन आठवड्यांत थोडेथोडे वर न्यावे, किंवा दिव्याची तीव्रता उतरवून हळूहळू चढवावी. दोन्ही एकदम करू नये.

जागा कशी निवडावी आणि प्रवाळ कशाने चिकटवावे?

सायनोअ‍ॅक्रिलेटचा जेल गोंद ओलाव्यातच घट्ट होतो, म्हणून तो पाण्याखाली चालतो. जड तुकड्यांना दोन भागांची इपॉक्सी पुटी जोडीला घ्यावी. शेजाऱ्यांमध्ये 10 ते 15 सेंटिमीटर अंतर ठेवावे, आणि गॅलेक्सिया या प्रवाळाला त्याहूनही जास्त, कारण रात्री त्याच्या दंश करणाऱ्या लांब शुंडिका दिवसा दिसतात त्यापेक्षा कितीतरी दूर पोहोचतात. जागा ठरली की हात आवरावा. दररोज थोडे इकडे, थोडे तिकडे सरकवले जाणारे प्रवाळ स्थिरावत नाही.

पॉलिप उघडत नाहीत. किती दिवस वाट पाहावी?

झोअँथिड (सांगाडा नसलेले, पुंजक्याने वाढणारे प्रवाळसदृश जीव) आणि मशरूम एक-दोन दिवसांत उघडतात. मोठ्या पॉलिपच्या जाती आठवडा घेऊ शकतात, आणि चामडी प्रवाळ तर मेणचट कात टाकेपर्यंत दोन आठवडेही मिटून बसते. ऊती सांगाड्याला धरून आहे तोवर काही करू नये. बुडापासून ऊती सावकाश वर सरकत असेल तर अल्कलिनिटी व प्रवाह तपासावा. एखाद्या अ‍ॅक्रोपोराची कातडी काही तासांतच सोलून निघू लागली, तर निरोगी टोके तोडून वेगळी करणे एवढाच उपाय हाती असतो.

हाताळणाऱ्याला काही धोका असतो का?

असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पॅलिथोआ आणि काही झोअँथिड यांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकते. 1971 साली हवाईतल्या पॅलिथोआपासून ते पहिल्यांदा वेगळे केले गेले. त्यावर उतारा नाही. ते जखमेतून, डोळ्यांतून आणि श्वासावाटे शरीरात जाऊ शकते, आणि उकळल्याने नष्ट होत नाही. अशा प्रवाळांचे खडक उकळत्या पाण्यात टाकून किंवा वाफेने, गरम पाण्याने घासून साफ करताना घरातली सगळी माणसे व पाळीव प्राणी आजारी पडल्याच्या घटना घडल्या आहेत. कापताना हातमोजे आणि चष्मा घालावा, तुकडे पाण्याखाली कापावेत, कोरड्या खडकावर ब्रश मारू नये. तोंडात धातूची चव, ताप, अंगदुखी किंवा धाप जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द स्पष्ट सांगावा, कारण लक्षणे सहजच साध्या तापाची वाटतात.

संपूर्ण टाकीच हलवायची झाल्यास?

जुने पाणी शक्य तितके सोबत न्यावे, जिवंत खडक ओले ठेवावेत, आणि जुनी वाळू जशीच्या तशी ओतू नये. तिच्या खालच्या थरात साठलेला गाळ व हायड्रोजन सल्फाइड ढवळून वर आले तर एका रात्रीत टाकीतले जीव दगावू शकतात. वाळू धुऊन घ्यावी किंवा नवी घालावी. बाकी बाबतीत वरील उत्तरेच लागू होतात.

परवान्याची गरज पडते का?

सर्व कठीण प्रवाळे साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे घरी वाढवलेला फ्रॅग मित्राला भेट म्हणून परदेशी न्यायचा असला तरी कागदपत्रे लागतात. देशांतर्गत नियम निरनिराळे आहेत आणि काही ठिकाणी प्रवाळ बाळगण्यावरच बंदी आहे. फ्रॅग स्वीकारण्याआधी तो मुळात कोठून आला हे विचारावे, आणि सरळ उत्तर न मिळाल्यास घेऊ नये.

पिशवीतले आणि डिपचे उरलेले पाणी कोठे टाकावे?

समुद्रात, खाडीत, ओढ्यात किंवा पावसाच्या गटारात टाकू नये. 1984 साली मोनॅकोच्या किनाऱ्यालगत कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयातल्या शैवालाचा एक छोटा पट्टा दिसला आणि पुढे ते भूमध्य समुद्रात हेक्टरच्या हेक्टर पसरले. अशा शैवालाचा लहानसा तुकडाही नव्याने रुजू शकतो. पिशवीतल्या पाण्यात ब्लीच मिसळून काही तास ठेवावे आणि मग ते सांडपाण्याच्या नळीत सोडावे. डिपच्या पाण्यात ब्लीच घालू नये, दोन रसायने एकत्र करणे धोक्याचे असते. त्याची विल्हेवाट वेष्टनावरील सूचनेप्रमाणे लावावी. तोडलेले प्लग कोरडे वाळवून कचऱ्यात टाकावेत, मात्र त्यांवर झोअँथिड चिकटलेले असतील तर न वाळवता, ओले असतानाच दुहेरी पिशवीत बांधून टाकावेत.